आटलेल्या तलावाच्या तळावर शिडाची गाडी : बर्फनौकेच्या आराखड्यावरून केलेल्या एका बांधणीचे प्रकरण

गेल्या उन्हाळ्यात एप्रिलच्या मध्यापर्यंत आमच्या गावाजवळच्या साठवण तलावाचा तळ पूर्ण उघडा पडला. बीड आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, बालाघाटाच्या पठारावर, दर दोन-तीन वर्षांनी तलाव तळ दाखवतातच. त्यामुळे गावाला त्याचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते त्या तळावर आम्ही जे आणून उभे केले त्याचे. तीन चाके, मध्ये लाकडी कणा, त्यावर सोळा फुटी वेळूची डोलकाठी आणि शीड अशी ती गाडी होती. पहिल्या दिवशी ती जागची हलली नाही. महिनाभराने तीच गाडी वाऱ्यापेक्षा जवळजवळ दीडपट वेगाने धावली. या दोन दिवसांच्या दरम्यान काय काय बदलले आणि त्यातले कशाने खरोखर फरक पडला, याची ही नोंद आहे.

मूळ कल्पना माझ्या भाच्याची. शिक्षणासाठी तो दोन हिवाळे अमेरिकेतील मॅडिसन येथे राहिला होता आणि तिथल्या गोठलेल्या मेंडोटा तलावावर त्याने बर्फनौका पाहिल्या होत्या. त्यातल्या लहान नौकांचा सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे डीएन. १९३७ साली ‘डेट्रॉइट न्यूज’ या वृत्तपत्राच्या छंदशाळेत, सामान्य माणसाला घरच्या घरी बांधता यावी म्हणून ती आखली गेली आणि वृत्तपत्राच्या आद्याक्षरांवरूनच तिला नाव पडले. बारा फूट लांबीचा अरुंद कणा, त्याला आडवी आठ फुटी फळी, फळीच्या दोन्ही टोकांना व कण्याच्या नाकाला एकेक पोलादी पाते, सोळा फुटांची डोलकाठी आणि साठ चौरस फुटांचे शीड, एवढाच तिचा संसार. चालक कण्यात उताणा पडून पाय पुढे करतो, एका हाताने पुढचे पाते वळवतो आणि दुसऱ्या हाताने शिडाची ओढदोरी धरतो. चांगल्या बर्फावर ही नौका वाऱ्याच्या तिप्पट-चौपट वेग सहज गाठते. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचा विषय शिकवून निवृत्त झालेलो असल्यामुळे हा आकडा मला प्रथम गप्पांतलाच वाटला होता.

तो खरा कसा, हे समजल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही. वारा ताशी २० किलोमीटरने वाहतो आहे आणि गाडी त्याला काटकोनात ताशी २० किलोमीटरने धावते आहे, असे समजा. चालकाच्या तोंडावर येणारा वारा मग बाजूने येत नाही; तो तिरपा, समोरून ४५ अंशांवरून आणि ताशी २८ किलोमीटरने येतो. गाडी ३० पर्यंत गेली की हा भासमान वारा ३६ चा होतो आणि आणखी पुढे सरकून सुमारे ३४ अंशांवर येतो. म्हणजे गाडी स्वतःच्या वेगाने स्वतःचा वारा वाढवत नेते. शीड मात्र अधिकाधिक घट्ट ओढावे लागते, आणि एक क्षण असा येतो की भासमान वारा इतका समोरून येतो की शिडाची ओढ आणि जमिनीचा व हवेचा अडथळा यांची बरोबरी होते. तिथे वेग थांबतो. बर्फावर धारदार पात्याला पुढे जाताना अडथळा जवळपास नसतो, म्हणून ती बरोबरी फार उशिरा होते. मातीवर ती लवकर होणार हे उघड होते. प्रश्न एवढाच होता की किती लवकर.

जागेबद्दल थोडे सांगणे भाग आहे. भाच्याच्या मनात प्रथम पैठणचा नाथसागर होता, कारण उन्हाळ्यात त्याच्या काठाचा मोठा पट्टा उघडा पडतो. तो विचार मी लगेच बाजूला ठेवला. तो जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेरा करणाऱ्या शेतकऱ्यांची पिके उभी असतात. आमच्या लहान तलावात ना पक्षी उरले होते, ना पीक. शिवाय पठारावर वारा चांगला लागतो. आजूबाजूच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगाच नाहीत. तलाव ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहे तिथे अर्ज देऊन, सरपंचांच्या कानावर घालून आम्ही कामाला लागलो.

बांधणीत आराखड्याचा सांगाडा तसाच ठेवला आणि साहित्य इथले घेतले. कणा सागवानी पट्ट्यांचा आणि प्लायवूडचा झाला. आडव्या फळीसाठी गावच्या मिस्त्रींनी बाभळीचा आग्रह धरला, कारण बैलगाडीचे आणि औताचे लाकूड म्हणजे बाभूळ हा त्यांचा जन्माचा अनुभव. ती फळी अतिशय मजबूत झाली आणि तोच तिचा दोष ठरला. बर्फनौकेची फळी मध्ये किंचित कमानदार असते आणि चालकाच्या वजनाने ती लवते. त्या लवचिकतेमुळे खाचखळग्यांचा दणका कण्यापर्यंत पोहोचत नाही आणि झोत आला की नौका एकदम उलटत नाही. बाभळीच्या फळीवर मी मधोमध उभा राहिलो तेव्हा ती जेमतेम ८ मिलिमीटर लवली. तिच्या जागी सागाच्या तीन पातळ पट्ट्या इपॉक्सीने एकावर एक चिकटवून, साच्यात कमान देऊन दुसरी फळी केली. ती त्याच वजनाखाली ४५ मिलिमीटर लवली आणि वजनाने पाच किलो हलकी निघाली. मिस्त्रींना ती शेवटपर्यंत आवडली नाही.

चाकांच्या बाबतीत मात्र आम्ही चुकीच्या टोकाने सुरुवात केली. सायकलची चाके हलकी असतात आणि रस्त्यावर ती सर्वांत मोकळी फिरतात, एवढ्यावरून आम्ही तीच बसवली. मग भाच्याने दोन अख्खे दिवस मागची दोन चाके एकमेकांना समांतर करण्यात घालवले. दोरी, गुण्या, पाणसळ आणि पट्टी घेऊन तो अर्ध्या मिलिमीटरसाठी झगडत होता, कारण बर्फावर ते खरोखरच लागते. सुमारे ९० अंशांच्या धारेचे पोलादी पाते बर्फात रुतलेले असते, ते बाजूला तसूभरही सरकत नाही. म्हणून दोन पाती जराशी जरी वाकडी लागली तरी दोघी एकमेकींविरुद्ध बर्फ खरवडत राहतात आणि वेग मरतो. रबरी टायरचे तसे नाही. टायर स्वतः थोडा मुरडतो आणि अर्ध्या अंशाचा वाकडेपणा पोटात घेतो; त्यातून येणारा जादा अडथळा हिशेब केला तर काही ग्रॅमांच्या ओढीइतका भरतो. हे मला त्याच वेळी सांगता आले असते. पण भाचा ज्या श्रद्धेने दोरी ताणत होता ती मोडण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि खरे म्हणजे हिशेब मीही नंतरच केला.

एप्रिलच्या अखेरीस पहिल्या चाचणीच्या दिवशी दुपारी चार वाजता हातातला वातमापी ताशी १८ किलोमीटर दाखवत होता. शीड भरले, डोलकाठी वाकली, दोऱ्या करकरल्या आणि गाडी तिथेच उभी राहिली. ढकलून दिली की दहा-बारा मीटर जाई आणि पुन्हा थांबे. चाकांखाली पाहिले तर कारण डोळ्यांसमोरच होते. तलावाच्या खोलगट भागात वर्षानुवर्षे साचलेला काळा गाळ वाळून त्याला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडलेल्या होत्या आणि भेगांमधल्या ढेकळांवर पिठासारख्या मातीचा थर होता. सायकलचा अरुंद टायर त्या थरात दोन बोटे बुडत होता.

भाच्याचे मत पडले की शीड लहान आहे. तो शेजारच्या मांडववाल्याकडून आणखी कापड आणायला निघालाही होता. मी त्याला थांबवले आणि धान्य तोलायचा स्प्रिंगचा काटा मागवला. या प्रकरणातले सर्वांत उपयोगी उपकरण हेच ठरले, म्हणून पद्धत सविस्तर सांगतो. चालक गाडीत बसवायचा, शीड उतरवायचे, नाकाला दोरी बांधून तिच्यात काटा अडकवायचा आणि चालत्या माणसाच्या वेगाने गाडी सावकाश ओढत न्यायची. गाडी हलताना लागलेला पहिला झटका सोडून द्यायचा आणि पुढच्या वीस मीटरांत काटा जिथे स्थिरावतो तो आकडा लिहायचा. मग उलट दिशेने तेच करून दोन्हींची सरासरी घ्यायची, म्हणजे उताराचा परिणाम निघून जातो. चालकासह गाडीचे वजन १३८ किलो होते आणि काट्याने १३ किलो दाखवले. त्या दिवशीच्या वाऱ्यात आमच्या शिडाची एकूण ओढ फार तर ९ किलो भरत होती. १३ किलोच्या अडथळ्यापुढे ९ किलोचे शीड. गाडी न हलण्यात गूढ असे काहीच नव्हते.

हा ९ चा आकडा काढताना आणखी एक गोष्ट हाती लागली, जी मला या साऱ्या खटाटोपातली सर्वांत रंजक वाटते. शिडाची ओढ हवेच्या घनतेवर अवलंबून असते. मॅडिसनला उणे दहा अंशांत एक घनमीटर हवा सुमारे १.३० किलो भरते. आमच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहा-सातशे मीटरांवर, मे महिन्याच्या चाळीस अंशांत तीच हवा सुमारे १.०४ किलो भरते. म्हणजे तोच वारा, तेच शीड, आणि ओढ मात्र एक पंचमांशाने कमी. आराखड्यातले साठ चौरस फूट हे थंड, जड हवेसाठी आणि गुळगुळीत बर्फासाठी ठरवलेले होते. आम्ही पातळ हवेत आणि भुसभुशीत मातीत त्याच मापावर विसंबलो होतो. या अंगाने भाच्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. पण शीड एक चतुर्थांशाने वाढवून दोन किलो मिळाले असते आणि गाडी उलटण्याचा धोका वाढला असता. अडथळ्याच्या बाजूने मात्र नऊ-दहा किलो कमी करण्याची सोय होती.

ती दोन पावलांत झाली. पहिले पाऊल टायरचे. ऑटोरिक्षाला लागतात ते ४.००-८ मापाचे जाड टायर जुन्या बाजारातून घेतले, त्यात हवा मुद्दाम कमी ठेवली आणि गाळावरचा आकडा १३ वरून साडेसातवर आला. दुसरे पाऊल जमिनीचे होते आणि ते आम्हाला फुकट मिळाले. राज्यात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू आहे. तिच्यानुसार शेतकरी तलावातला गाळ ट्रॅक्टरने आणि टिप्परने शेतात नेतात. आमच्या तलावाच्या पश्चिमेकडचा गाळ त्याच महिन्यात उपसला गेला होता आणि खाली कठीण मुरूम उघडा पडला होता. तिथे भेगा नाहीत, पीठ नाही. यंत्राच्या बकेटने खरवडलेली, जवळजवळ सपाट अशी सातशे मीटर लांबीची जमीन. तिथे टायरमधली हवा २८ पौंडांपर्यंत वाढवली आणि काटा चार किलोवर आला. दोन्ही ठिकाणी हवेचा दाब उलट दिशेने बदलावा लागला ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: मऊ मातीत टायर पसरला पाहिजे, कठीण मुरमावर तो ताठ राहिला पाहिजे.

बेअरिंगचा प्रश्न मिस्त्रींनी सोडवला. वीस मिलिमीटरच्या आसावर आम्ही ६२०४ क्रमांकाची उघडी बेअरिंगे बसवून त्यांत सढळ हाताने ग्रीस भरले होते. तिसऱ्या दिवशी चाक हाताने फिरवून त्यांनी कान लावला आणि म्हणाले, “सर, ह्याला ओंगण नका चोपडू एवढं. माती धरतंय ते, अन् मग मातीच आख खाती.” बैलगाडीच्या आखाला आयुष्यभर ओंगण घातलेला माणूस हे सांगत होता. बेअरिंग उघडले तर ग्रीस आणि मुरमाची बारीक धूळ मिळून घासकामाची लुगदी तयार झालेली होती. दोन्ही बाजूंनी रबरी पडदा असलेली बंद बेअरिंगे लावली आणि तो विषय संपला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी चालू लागली, पण वाऱ्याइतक्या वेगाच्या पुढे जाईना. आता शिडाकडे वळणे योग्य होते. पहिले शीड निवडणुकीनंतर उरलेल्या फ्लेक्सच्या फलकांचे होते. कापड फुकट मिळाले, पण बेचाळीस अंशांत फ्लेक्स मऊ होऊन ताणला जाई आणि शिडाचा फुगवटा पुढून मागे सरके. फुगवटा मागे गेला की शीड ओढण्याऐवजी अडवू लागते. दुसरे शीड घट्ट विणीच्या ताडपत्रीचे केले. ते ताणले जात नव्हते, तरीही त्यात फुगवटा टिकेना. वारा भरला की मागच्या खालच्या कोपऱ्यापासून डोलकाठीच्या मध्यापर्यंत तिरप्या सुरकुत्या उमटत आणि शीड पाट्यासारखे सपाट होई. याचे उत्तर डोलकाठीत होते. ओढदोरी घट्ट केली की वेळू मध्यभागी पुढे वाकत होता. दोन टोकांमध्ये दोरी ताणून मोजले तर वाक ८० मिलिमीटर भरला. आम्ही शिडाची डोलकाठीकडची कड सरळ कापली होती, म्हणून काठी वाकताना शिडाच्या पोटातले कापड खेचून घेत होती. कड सरळ न ठेवता मध्ये ९५ मिलिमीटर बाहेर येईल अशा वक्रात कापली. त्यातले ८० काठीच्या वाकात जातात आणि उरलेले १५ फुगवटा देतात. सुरकुत्या त्याच दिवशी गेल्या.

शिडाला आडव्या बसवलेल्या पट्ट्यांसाठी वेळूच्या कामट्या वापरल्या. सारख्या जाडीची कामटी मधोमध वाकते, म्हणजे फुगवटा मध्यावर येतो. तो पुढच्या तिसऱ्या हिश्शात हवा असतो. म्हणून प्रत्येक कामटीचे पुढचे टोक चाकूने तासत, दोन्ही टोके दाबून वाक पाहत आणि पुन्हा तासत बसावे लागले. चार कामट्यांना एक दुपार गेली. भाचा या कामात माझ्यापेक्षा हुशार निघाला, हे नमूद केले पाहिजे.

अपघात एकच झाला आणि तो आमच्याच चुकीने. मे महिन्यात दुपारी तळावर वावटळी उठतात. बर्फावर असले काही नसते, त्यामुळे आराखड्यासोबतच्या कोणत्याही सूचनेत तिचा उल्लेख असणार नव्हता. भाचा वेगात असताना डाव्या बाजूने एक वावटळ चालून आली. वाऱ्याकडचे चाक उचलले गेले. अशा वेळी ओढदोरी सोडली की शीड रिकामे होते आणि चाक खाली येते. पण हात दुखतो म्हणून त्याने दोरी कण्यावरच्या खुंटीला बांधून ठेवली होती. गाडी कलंडली, कोपर सोलपटले आणि वेळू तिसऱ्या पेरापाशी चिरला. “मामा, फक्त एकदाच बांधली होती,” असे तो म्हणाला. मी खुंटी करवतीने कापून टाकली. दोरीचा भार हलका व्हावा म्हणून दोन कप्प्या वाढवल्या आणि दोरी हातातच ठेवायची असे ठरवले. डोळ्यांना चष्मा, डोक्याला हेल्मेट आणि वावटळ दिसताच शीड उतरवणे हेही त्या दिवसापासून सुरू झाले.

शेवटची मापे मेच्या अखेरची आहेत. वातमापीवर सरासरी ताशी २१ किलोमीटर, वाऱ्याला काटकोनात धाव, आणि मोबाइलवरच्या जीपीएसने दोन्ही दिशांना मिळून दाखवलेला टिकाऊ वेग ताशी ३१ किलोमीटर. डोलकाठीला बाजूने ताणून धरणाऱ्या तारेला बांधलेला लोकरीचा धागा त्या वेळी समोरून पस्तीस अंशांच्या आसपास उडत होता, जे गणिताशी जुळते. भाच्याला वेग वाढवण्यासाठी सुरुवातीला एक सवय मोडावी लागली: वारा मागून येतो आहे असे वाटून तो शीड सैल सोडत असे, आणि गाडी तिथेच मंदावत असे. वेग आल्यावर वारा समोरूनच येतो, म्हणून शीड घट्टच ठेवायचे, हे धाग्याकडे पाहूनच त्याच्या अंगवळणी पडले.

डीएनच्या तुलनेत आमचे गुणोत्तर निम्म्याहूनही कमी आहे. चाकांच्या वाहनांना ती मर्यादा असतेच असे मात्र नाही. २०२२ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातील लेक गेर्डनर या कोरड्या मिठागरी सरोवरावर न्यूझीलंडच्या ‘होरोनुकु’ या शिडाच्या गाडीने ताशी २२० किलोमीटरहून अधिक वेग गाठला, तोही चाकांवर. तिथले शीड म्हणजे कठीण पंख होता आणि जमीन मैलोगणती सपाट होती. आमच्या गाडीत यापुढची वाढ बहुधा चालकाला आणखी आडवे निजवून आणि उघड्या दोऱ्या कमी करून, हवेचा अडथळा घटवून मिळेल. चार किलोचा जमिनीचा अडथळा याहून फारसा खाली येईल असे मला वाटत नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला. उरलेला गाळ चाकांना लाडवासारखा चिकटू लागला आणि काट्यावरचा आकडा घ्यायलाही गाडी हलेना. तीन दिवसांत मुरमाच्या पट्ट्यावर घोटाभर पाणी आले. फळी उतरवून गोठ्याच्या आढ्याला टांगली आहे. टांगण्यापूर्वी तिच्यावर पुन्हा उभे राहून मोजले तेव्हा ती ४५ ऐवजी ५२ मिलिमीटर लवली. दमट हवेने, की चिकटवणीचा एखादा थर सुटू लागल्याने, हे दिवाळीनंतर ती वाळल्यावर मोजूनच कळेल.